माहेरच्या फाटकाशी बूट नव्हते

तळ्यांच्या पट्ट्यात तिला सगळे बूटवाली म्हणायचे. तोंडावर बूटवाली ताई, पाठ फिरली की नुसतीच बूटवाली.

खाडीच्या काठानं कोळंबीची तळी होती. मधून एक कालवा, कालव्याच्या दोन्ही अंगांना चौकोनी तळी, आणि तळ्यांच्या मधून एका वेळी एकच माणूस नीट चालेल असे मातीचे बांध. भरतीचं पाणी कालव्यातून यायचं आणि ज्याचं फळ्यांचं दार उघडं असेल त्याच्या तळ्यात शिरायचं. ओहोटीला त्याच वाटेनं बाहेर. म्हणजे एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं प्यायचं, असा सगळा मामला. म्हणून तळेवाल्यांनी मिळून सोसायटी काढली होती, आणि सोसायटीनं हिला नोकरीला ठेवलं होतं. काम एवढंच: तळी फिरायची, कोळंबी बघायची आणि आजार दिसला तर दिसल्याबरोबर सांगायचा.

आता तपासणाराच आजार वाहून नेऊ लागला तर काय घ्या? एका तळ्याचा चिखल दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून तिनं पहिल्याच वर्षी नियम घातला. दर फाटकाशी तिच्यासाठी त्या तळ्याचे वेगळे रबरी बूट. आपल्या सँडल फाटकाबाहेर काढायच्या, बूट चढवायचे, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे आणि मगच आत. बाहेर पडताना पुन्हा तेच. स्कूटरवरून पट्ट्यातून जाताना दर फाटकाच्या खुंटीवर उलटे टांगलेले काळे बूट दिसायचे, टाचेवर लाल ठिपका. नवख्याला वाटावं, इथं सगळ्यांच्या पायांचं माप एकच आहे.

"इन्स्पेक्टर आल्या गं बायांनो! मिशा सरळ करा," असं निवृत्त मास्तर आपल्या तळ्यातल्या कोळंबीला ओरडून सांगायचे. मास्तरांनी आयुष्यभर पोरांची हजेरी घेतली, आता कोळंबीची घेत होते. "एक गैरहजर आहे," म्हणायचे, "पण पालकांना कळवू कसं?"

ती हसायची आणि ट्रे वर ओढायची. तळ्यात दोरीला बांधून सोडलेली ती पसरट जाळी म्हणजे तिची नाडीपरीक्षा. खाद्य टाकल्यावर थोड्या वेळानं ट्रे वर काढला आणि तो चाटूनपुसून रिकामा असला की तळं ठीक. खाद्य उरलं की काहीतरी बिनसलं. मग ती एखादी कोळंबी तळहातावर घ्यायची, उजेडाकडे धरायची. पाठीवरून जाणारी आतड्याची काळसर रेघ सलग आहे का, का मध्ये मध्ये तुटली आहे. कल्ले काळे पडलेत का. कवच दाबल्यावर पोकळ लागतंय का. पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा तरंगतेय का. तिच्या मते यातली बहुतेक दुखणी कोळंबीची नसतातच, माणसाच्या हावरेपणाची आणि आळसाची असतात. खाद्य जास्त पडलं, तळाशी कुजलं, पाणी घुसळणारे पंखे वेळेवर लावले नाहीत. खाद्य कमी करा, गाळ काढा, पंखे चालू ठेवा, आठवड्यात तळं ताळ्यावर येतं.

एकच दुखणं असं होतं की त्याला औषध नव्हतं. पांढऱ्या ठिपक्यांचं. ते आलं की माणसानं फक्त दार लावायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं.

साऱ्या पट्ट्यात एकाच फाटकाशी तिचे बूट नव्हते. ते तिच्या माहेरचं फाटक.

धाकट्या भावानं कारखान्यातली नोकरी सोडून तळं घेतलं आणि बांधालाच लागून दोन खोल्या टाकल्या. तो, त्याची बायको आणि आई. ती पहिल्यांदा तपासणीला गेली तेव्हा हातात बुटांची जोडी घेऊनच गेली होती. आईनं बूट बघितले, घमेलं बघितलं आणि म्हणाली, "हे काय?"

"नियम आहे, आई."

"नियम बाहेरच्यांना. लेक घरी आली की तिला दारात थांबवून औषधात पाय बुडवायला लावू? मी अजून मेले नाही."

"अगं, कोळंबीला काय कळतंय मी लेक आहे ते?"

"कोळंबीला नसेल कळत. मला कळतंय."

भाऊ हसला. तीही हसली. बूट परत स्कूटरला अडकवले. तिला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. दिवसभर ती दर दारात पाय बुडवून आत जायची. या एका दारातून तशीच, आल्या पायी, घरातल्यासारखी. तिचं सासर असं उरलंच नव्हतं. नवरा गेलेला, मुलगी शिकायला वसतिगृहात. जेवायची वेळ झाली की आईची हाक यायची तेवढं एकच घर.

म्हणून पुढे जे झालं, त्यात तिला तळ्यापेक्षा त्या फाटकाची भीती जास्त वाटली.

पट्ट्याच्या टोकाला एका तळ्यात ठिपके निघाले. तिनंच ओळखले. तिथला मालक शहाणा. त्यानं दार बंद केलं, सगळ्यांना फोन केले, ब्लीचिंग टाकलं. मेलेली कोळंबी जाळ्यांनी ओढून काढायचं काम चालू होतं तेव्हा ती देखरेखीला गेली. नियमाप्रमाणे तिथले बूट घातले, निघताना पाय बुडवले, हात धुतले. सँडल फाटकाबाहेर ठेवलेल्या होत्या. त्या चढवल्या तेव्हा पायाला गार लागलं. सँडल ओल्या होत्या. माणसं ओली जाळी खांद्यावर टाकून फाटकातून गेली होती, तेव्हा ठिबकलं असणार. तिच्या डोक्यात हे आलं नाही असं नाही. आलं, आणि लगेच फोन वाजला.

"येतेस ना जेवायला? तुझ्यासाठी थांबलेय," आई म्हणाली.

ती गेली. जेवण झाल्यावर आई तिला बांधावर घेऊन गेली. आईला ट्रे दाखवायची फार हौस. भावाच्या ट्रेमध्ये खाद्याचा कण उरत नसे, आणि आई तो रिकामा ट्रे असा दाखवायची जसं काही नातवंडानं ताट स्वच्छ केलंय.

"बघ. काही ठेवलंय का?"

"नाही ठेवलं."

"आणि हे काय, सँडलला केवढा चिखल! सगळं घर भरवशील. धू इथंच."

तळ्याच्या कडेला एक सपाट दगड होता. घरातली सगळी माणसं पाय तिथंच धुवायची. तिनं सँडल काढल्या, एकीवर दुसरी घासली, पाण्यात खळबळल्या आणि दगडावर वाळत ठेवल्या. दुसऱ्या कुठल्याही तळ्यावर कुणी असं केलं असतं तर तिनं त्याचे कान उपटले असते. पण त्या वेळी ती बूटवाली नव्हती. आईनं सांगितलं म्हणून पाय धुणारी मुलगी होती.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, कालपर्यंत खाद्य कमी पडत होतं. आज ट्रे तसाच आला वर."

तिला स्कूटर कशी चालवली ते नंतर आठवलं नाही. फाटक, बांध, दगड. कोळंबी कडेला आली होती. धडधाकट कोळंबी माणसाची सावली पडली की उडी मारून पळते. ही हलत नव्हती. कडेच्या उथळ पाण्यात माना टाकून पडल्यासारखी. वर पक्षी फिरत होते. तिनं हातानंच एक उचलली. पाठीवरची रेघ नव्हतीच, पोट रिकामं. अंगावर लालसर झाक. तिनं डोक्यावरचं कवच नखानं सोलून काढलं, पुसलं आणि उजेडापुढे धरलं. आतून पांढरे ठिपके होते, मिठाचे खडे चिकटवल्यासारखे.

तिला वाटलं होतं, हे बघून आपल्याला काहीतरी होईल. काहीच झालं नाही. कवच केवढं पातळ आहे, एवढंच मनात आलं.

"ठिपके पाण्यात क्षार वाढले तरी येतात," भाऊ मागून म्हणाला. "तूच सांगितलं होतंस. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यातल्या तळ्यात आले होते, काही झालं नाही."

"ती कोळंबी खात होती. पळत होती."

"नमुना तरी पाठवू प्रयोगशाळेत. ते काय म्हणतात बघू."

"पाठवू. पण तोवर दार बंद."

"दार बंद? उलट मी म्हणतोय, पाणी सोडून देऊ. नवं पाणी घेऊ. स्वच्छ पाण्यानं निभेल."

"हे पाणी कालव्यात गेलं तर खालच्या सगळ्यांच्या तळ्यात जाईल."

"आणि माझं?" भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माझी कोळंबी बोटाएवढीसुद्धा झाली नाही अजून. व्यापारी तोंडसुद्धा बघणार नाही तिचं. नोकरी सोडून मी हे केलं, ताई."

"माहीत आहे."

"मग?"

"मग दार बंद."

तिनं स्वतः जाऊन दाराच्या फळ्या खाली ढकलल्या आणि फटींत चिखल लिंपला. हात काम करत होते. भावजय घराच्या दारात उभी राहून बघत होती.   मग बूटवालीनं मास्तरांना फोन केला, कारण त्यांचं तळं लगेच खालच्या अंगाला.

मास्तर आले, पण कालव्याच्या पलीकडच्या काठावरच थांबले. रोज पूल ओलांडून गप्पा मारायला येणारा माणूस. "मी इथूनच बोलतो हं," ते म्हणाले. "राग मानू नका." चेष्टा नाही, हजेरी नाही.

भावाला तेवढंच निमित्त पुरलं. "इथूनच का, या की! तुमच्याच तळ्यातले खेकडे येतात माझ्याकडे. खेकडे अडवायचं कुंपण फाटलंय तुमचं, कितीदा सांगितलं, दुरुस्त करा, दुरुस्त करा. खेकड्यांनीच आणलं हे!"

"अरे, माझं तळं बरं आहे. माझ्या खेकड्यांना कुठून लागण होईल?"

"मला विचारू नका. मी आज सोसायटीत जातो आणि सगळ्यांपुढे सांगतो, मास्तरांमुळे माझं तळं गेलं. बघू मग कोण तुमच्या शेजारी उभं राहतंय."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.  कुंपण खरंच फाटलेलं होतं.

ती तळ्याच्या दाराजवळ चिखलाच्या हातांनी बसली होती. गप्प बसली असती तरी चाललं असतं. खेकडे आणतात, पक्षी आणतात, विकत आणलेल्या पिलांच्या बीजातूनही येतं. कुणी सिद्ध करू शकणार नव्हतं. हे फाटकही तसंच उघडं राहिलं असतं. तिला हे सगळं स्पष्ट दिसत होतं, फार लांबून, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

"खेकड्यांचं सोड," ती म्हणाली. "टोकाच्या तळ्यावरून मी इथं जेवायला आले होते त्या दिवशी. माझ्या सँडल ओल्या होत्या तिथल्या पाण्यानं. त्या मी तुझ्या तळ्यात धुतल्या. त्या दगडावर."

 पंख्यांचा पाणी घुसळण्याचा आवाज तेवढा चालू.

"तू?" भाऊ म्हणाला.

"मी."

भावजय पहिल्यांदा बोलली. "वा! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. गावभर बूट घालून हिंडायचं आणि आमच्याकडे..." पुढचं तिनं गिळलं आणि आत गेली.

आई घराच्या दारात बसली होती. "मी सांगितलं तिला धू म्हणून," ती म्हणाली. कुणाकडे न बघता. "बूटही मीच नको म्हटले होते."

भाऊ तळ्याकडे वळला. मग म्हणाला, "खेकडाही असू शकतो," आणि पंखे नीट चालताहेत का बघायला गेला. हे त्यानं मास्तरांना माफ करायला म्हटलं, का तिला, का स्वतःला धीर द्यायला, ते तिला कळलं नाही. 

प्रयोगशाळेचा निरोप आला तो सगळ्यांना माहीत होता तोच. पुढचं काम ठरलेलं. पोती आली. तोंडाला फडकी बांधून भाऊ आणि ती बांधावरून फिरून ब्लीचिंग पावडर टाकत होते, पंखे ती पावडर पाण्यात घुसळत होते. डोळे चुरचुरत होते. निदान डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणाला विचारावं लागत नव्हतं. जिवंत होती ती कोळंबी एकदा वर आली, पाण्यावर पाऊस पडावा तशी तडतडली, आणि थांबली. मग जाळ्या. मग खड्डा, त्यात कोळंबी, वर चुना, वर माती. भावजय घमेली उचलून देत होती. दोघींचे हात एकमेकींना लागत होते, नजर नाही.

काम आटोपल्यावर भावानं पंखे बंद केले. तळं घेतल्यापासून ते कधी बंद झाले नव्हते. एकदम एवढं शांत झालं की आई आतून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. पंखे बंद केले."

"हं," आई म्हणाली.

ती निघाली तेव्हा कुणी "बस" म्हटलं नाही, कुणी "जा" म्हटलं नाही. घरी आल्यावर मुलीचा फोन आला.

"आई, जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

 "नेहमीचंच."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"फोन लांब धरलाय," ती म्हणाली आणि खरंच लांब धरला.

नंतरच्या दिवसांत ती इतर तळी फिरली. ट्रे ओढले, रेघा बघितल्या, कवचं सोलली. मास्तरांनी खेकड्यांचं कुंपण नवं घातलं होतं आणि तिला दुरूनच दाखवलं. "इन्स्पेक्टर, गृहपाठ केला," ते म्हणाले. तिनं मान डोलावली. सोसायटीत तिनं स्वतःच सगळं सांगितलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं, कुणी नोकरी सोड म्हटलं नाही. फक्त काही फाटकांशी आता सँडल ठेवायलाही एक वेगळं खोकं आलं. ते बरोबरच होतं. तिनंच सुचवायला हवं होतं ते.

माहेरचा फोन मात्र आला नाही. जेवायची वेळ झाली की ती फोन जवळ ठेवायची आणि तो न वाजता वेळ निघून जायची. तिला रडू येईल असं वाटायचं, यायचं नाही. पाटीवरचं पुसल्यासारखं आत सगळं कोरं होतं. एकदा तिला स्वप्नात नाही, जागेपणीच वाटलं की आपण त्या फाटकापर्यंत स्कूटर नेतोय आणि फाटकच नाही, नुसता बांध.

तरीही जायला लागलंच. ब्लीचिंग निवळल्यावर पाणी सोडलं होतं, तळ उन्हात वाळवला होता. नवं बीज सोडण्याआधी तळ रोग मरेल इतका तडकला आहे का, हे बघून सोसायटीला कळवायचं काम तिचंच. दुसऱ्या कुणाला पाठवावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण दुसरं कुणी नव्हतंच.

फाटकाशी तिनं स्कूटर लावली. खुंटीवर बूट होते. उलटे टांगलेले, नवे, अजून रबराचा वास जात नव्हता असे. खाली घमेलं, त्यात ब्लीचिंगचं पाणी. शेजारी एक खोकं, सँडलसाठी.

ती बघत उभी राहिली. म्हणजे आता इथंही. हेच बरोबर होतं. इतर दारांसारखं एक दार. तिनं स्वतःला समजावून सांगितलं की हे बरोबर आहे, आणि तिला ते समजलं.

आतून आई आली. फाटकापर्यंत चालत आली, कडी काढली, पण फाटक पूर्ण उघडलं नाही. मध्येच धरून उभी राहिली.

"सँडल खोक्यात," आई म्हणाली.

तिनं खोक्यात ठेवल्या. बूट खाली घेतले. पाय घातले. तिला वाटलं होतं मोठे असतील. या घरात तिचं माप कुणी कधी विचारलं नव्हतं. बरोबर बसले.

"कुणी आणले?"

"कुणी म्हणजे? मीच पाठवलं त्याला. माप मला काय माहीत नाही? तुझ्या पायांत पहिले जोडे मी घातलेत."

तिनं टाच वळवून बघितली. लाल ठिपका होता. पण रंगाचा नव्हता, चकचकीत होता, कडेला जरा ओघळलेला.

"हे काय?"

"नखाला लावतात ते. तुझ्या भावजयीनं लावलं. म्हणाली, सगळीकडे असतो, इथंही हवा." आई थोडी थांबली. "तुझ्याशी बोलेल ती. आज नाही बोलणार. पण बोलेल."

"बरं."

"भाऊ तळ्यात आहे. नांगरतोय. तळ चांगला तडकलाय म्हणतो."

"बघते."

"बघ. बुडव आधी."

तिनं एक पाय घमेल्यात ठेवला.

"दोन्ही," आई म्हणाली. "आणि नीट. घाई करू नकोस. जेवायला अजून वेळ आहे."

तिनं दोन्ही पाय बुडवून ठेवले. रबरातून पाणी गार लागत नव्हतं, काहीच लागत नव्हतं. आई फाटक धरून तशीच उभी होती, पाय पुरेसे भिजेपर्यंत. मग तिनं फाटक पूर्ण उघडलं.